शाल, श्रीफळ आणि पांढरा पट्टा

नारळ फोडायला मी सांगितलं नव्हतं, असं मी कित्येक दिवस स्वतःला बजावत होतो. ते खोटं आहे. ओरडले दुसरे, पण इंग्रजीत करून पाहुण्यांच्या कानावर घातलं ते मीच.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमची तेरा वर्षांची लेक कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तायक्वांदो शिकत होती. तिचे मास्टर कोरियाचे, साठीचे. तरुणपणी रिंगणात त्यांना हरवणं अवघड, म्हणून सिनेमावाल्यांनी उचललं आणि खलनायक करून वर्षानुवर्षं नायकांचा मार खायला लावला. त्यातला एक सिनेमा मी पुण्यात व्हिडिओ पार्लरमध्ये शिट्ट्या मारत पाहिला होता. हॉलमधल्या एका जुन्या फोटोवरून ओळख पटली आणि मी तिथल्या आमच्या मराठी मंडळभर मिरवलं.

गणेशोत्सवात त्यांचा सत्कार ठरला. आधी शाल-श्रीफळ, मग मुलांचं प्रात्यक्षिक. सूत्रसंचालन माझ्याकडे.

मास्टरांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकले. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी पहिल्या रांगेतून ओरडले, "अरे, फोडायला सांग की त्यांना! हाताने!" मागून कोणीतरी सिनेमातल्यासारखं "हूऽऽआ!" केलं. सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माईकवरच म्हणालो, "मास्टर, दे वॉन्ट यू टू ब्रेक इट."

त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढून नीट घडी केली, नारळाशेजारी ठेवली. पुन्हा वाकले आणि स्टेजवरून उतरले.

लेक गणवेश घालून कडेला उभी होती. तिने येऊन माझ्या हातातला माईक घेतला.

"माझे सर माकड नाहीये. आम्ही नाही करणार."

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. कमरेचा पट्टा सोडत म्हणाली, "ते अंकल सिली आहेत. पण यू ट्रान्सलेटेड इट, बाबा." आणि थोड्या वेळाने, "माझ्या ग्रेडिंगला तू येऊ नको."

दिवाळीनंतर तिची काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. चार वर्षं मी तिची ने-आण करत होतो, ती याच दिवसासाठी.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. "गंमत होती रे. पोरीला जरा आवर." मी "हो, हो" म्हणालो. त्या "हो, हो"ची लाज मला नारळापेक्षा जास्त वाटते.

शनिवारी क्लास सुरू होण्याआधी मी मास्टरांसमोर उभा राहिलो. पाठ केलेली माफी अर्धीच आठवली.

"तुम्हीही हसलात?" त्यांनी विचारलं.

"हसलो."

"सिनेमात मी खूप वेळा पडलो," ते म्हणाले. "पण आधी सांगायचे, आज पडायचं आहे. तुम्ही मला सत्काराला बोलावलं होतं."

 त्यांनी कपाटातून नवशिक्यांचा एक पांढरा पट्टा काढून माझ्या हातात दिला. "शूज बाहेर. रांगेत शेवटी."

माझ्या पुढे सात-आठ वर्षांची मुलं होती. तिथला नियम असा, की खालच्या पट्ट्याने वरच्या पट्ट्याला आधी वाकून नमस्कार करायचा. वय बघत नाहीत, नातं तर नाहीच. जोड्या लावताना मास्टरांनी मला लेकीसमोर उभं केलं. आमच्या घरात आजवर लहानांनीच मोठ्यांपुढे वाकलेलं मी पाहिलं होतं. मी वाकलो. माझ्यानंतर तीही वाकली. मग माझा वेडावाकडा बांधलेला पट्टा तिने सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला.

"ग्रेडिंगला वेळेवर ये," ती म्हणाली. "लेट आलास तर आत घेत नाहीत."

मी वेळेवर गेलो. ती पास झाली.

त्यानंतरच्या कमिटी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आपण पाहुणा बोलावून त्याचा खेळ केला, आणि माईक माझ्या हातात होता.  मग सेक्रेटरी हसत म्हणाले, "हल्ली पोरीपुढे वाकतोस म्हणे?"

"वाकतो," मी म्हणालो. "मंगळवारी आणि शनिवारी. बघायला या. फक्त बूट बाहेर काढावे लागतील."