माइकराव प्रलय ऐकतात

माइकरावांना सभागृहात खऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. सव्वीस वर्षं ते मागच्या काचेच्या खोलीत बसून वक्त्यांचा आवाज वरखाली करत आले होते. शब्दांकडे लक्ष गेलं की हात चुकतो, म्हणून अर्थ कानाबाहेरच ठेवायची सवय त्यांनी लावून घेतलेली. बायको गेल्यावर ती सवय घरीही आली. सांत्वनाला आलेल्यांपैकी कोण खर्जात बोललं आणि कोण वरच्या पट्टीत, एवढंच त्यांना सांगता आलं असतं.

मुलीला एक्स-रे काढायच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. वडिलांच्या सहीचा फॉर्म उद्यापर्यंत द्यायचा होता आणि ती हटून बसली होती. कृत्रिम बुद्धिमत्ता येतेय, माणसांची हाडं तीच बघणार, मग मी कशाला शिकू, असं तिचं म्हणणं. मोबाइलवर एक विद्वान तिला रोज प्रलय सांगायचे, आणि आज तेच सभागृहात येणार होते.

"बाबा, तुम्ही तिथेच असता. खरं बोलतात का, एवढं ऐकून या."

त्या सकाळी माइकरावांनी व्रत मोडलं आणि शब्द ऐकले. विद्वान सांगत होते, सर्वज्ञ बुद्धी अवतरणार आहे, शरण जातील ते तरतील, हसतील ते मागे राहतील. एकाने तारीख विचारली. ती सांगता येत नाही म्हणाले, पण घटका जवळ आलीय. पूर्वी याच मंचावर एका गुरूंनी जगबुडीची तारीख थेट फलकावर रंगवून आणली होती. ती टळल्यावर पुढच्या वर्षी ते नवा फलक आणि जुनाच खोकला घेऊन हजर.

हे आठवण्यात हात घसरला आणि स्पीकरने अशी शिट्टी मारली की पहिल्या रांगेने कान झाकले. बघा, यंत्रं बोलू लागली, असं विद्वान म्हणाले. टाळ्या पडल्या. माइकरावांना भीती वाटली नाही, धीरही आला नाही.

दुपारी मुलगी दारातच उभी होती.

"आवाज चांगला आहे त्यांचा," ते म्हणाले.

"बाबा, खरं की खोटं?"

"कळलं नाही गं. ऐकलं सगळं, आत काही गेलं नाही. तुझी आई गेल्यापासून जातच नाही."

सात महिन्यांत आईचा विषय घरात पहिल्यांदा निघाला होता.

"त्यांच्याकडे तारीख नाही," चप्पल काढत ते म्हणाले. "तुझी उद्याची आहे. आण तो कागद."

तिने आणला. त्यांनी सही केली. मग तिने पेन घेतलं, एकेक रकाना भरत आली आणि आईच्या रकान्यापाशी थांबली.

"इथे काय लिहू?"

माइकरावांनी त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"नावच लिही," माइकराव म्हणाले.