जस्त, तांबं आणि उकडीचं मीठ

फेब्रुवारीच्या अखेरीस मला ताप आला. तो गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला.

महाडच्या खोलीत मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पुढ्यात डब्यातली वांग्याची भाजी होती. गरम आहे, मऊ आहे, एवढंच कळत होतं. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघितलं. ते विरघळलं आणि नाहीसं झालं, मागे काहीच राहिलं नाही. साखरेचंही तसंच. आंबट तेवढं थोडंसं कळायचं, तेही जिभेच्या कडांना, लांबच्या डोंगरावरून कोणी हाक मारावी तसं.

ते दिवस आता आठवायला गेलं की सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं. मी कॉलेजला जायची, वर्गात बसायची, येताना सावित्रीच्या पुलावर थोडी थांबायची. नदीत पाणी कमी झालेलं असायचं, मधले खडक उघडे पडलेले, त्यांच्यावर बगळे. बाजारातून तळलेल्या भज्यांची वाफ यायची आणि माझ्या अंगावरून निघून जायची. लोक खातात, बोलतात, हसतात, आणि मी काचेच्या अलीकडे उभी आहे, असं वाटायचं. वाईट वाटायचं असंही नाही. फक्त सगळं जरा दूर गेलं होतं.

भीती वाटली ती आईचा फोन आला त्या दिवशी.

आमचं घर कुडपणला. तिथे घरात रेंज येत नाही, म्हणून आई संध्याकाळी गुरं बांधून झाली की सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, टोकावर येऊन फोन करते. मागून वाऱ्याचा आवाज येतो, त्यामुळे ती ओरडूनच बोलते.

"तांब्यातलं पाणी पितेस ना गो?"

"पिते."

"परीक्षा झाली की लगेच ये. औंदा पापडांची सुरुवात आपल्या घरापासनं हाय. सगळ्या इचारतात, पोर कवा येतेय."

आमच्या वाडीत उन्हाळ्यात नाचणीचे पापड घरोघरी पाळीपाळीने होतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, सगळ्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन जातात. आधी आधणात मीठ, पापडखार, जिरं टाकायचं, मग पीठ घालून उकड काढायची. ती उकड लाटायच्या आधी कुणीतरी चाखून सांगावं लागतं. एकदा पापड लाटून वाळले की मीठ कमी असो की जास्त, वर्षभर तेच खायचं. आणि हे चाखायचं काम पाचवी-सहावीपासून माझ्याकडे होतं. कसं आलं ते आठवत नाही. एका वर्षी मी म्हटलं की खार जास्त झालाय, कुणी ऐकलं नाही, आणि पापड तळल्यावर लाल झाले. तेव्हापासून "हिची जीभ बरोबर" असं ठरून गेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण वाडीत माझा मान होता तो त्या जिभेचा.

आईला मी काही सांगितलं नाही. परीक्षेपर्यंत येईल चव, असं मनात म्हटलं.

खोलीत माझ्यासोबत राहणारी मुलगी तुडीलची, माझ्याच वर्गातली. ती चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी झिंकच्या गोळ्या घ्यायची. तिने बाटली माझ्यासमोर धरली. "घे की. चव गेली तर झिंकच देतात, मी वाचलंय."

"डॉक्टरला विचारू का आधी?"

"विचार. तू तर भाजीवालीलाही विचारूनच भेंडी मोडतेस."

मी दोन दिवस विचार केला. मोबाइलवर वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलं होतं की झिंकने चव परत येते, दुसऱ्या ठिकाणी होतं की तसं खात्रीने सांगता येत नाही. शेवटी मेडिकलमधून एक बाटली आणली. दुकानदाराने काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेऊ लागले. पोटात मळमळायचं, तोंडात पत्रा चघळल्यासारखं व्हायचं. ते पत्र्यासारखं लागणं म्हणजे चव येण्याची सुरुवात असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग एकदा वाचनात आलं की झिंक जास्त मात्रेत, जास्त दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. रक्त कमी होऊ शकतं, हातापायांना मुंग्या येऊ शकतात.

झिंक म्हणजे आपलं जस्त. शाळेपासून मी हे दोन्ही धातू ओळखत होते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवून ठेवली की हळूहळू निळा रंग फिका होतो आणि पट्टीवर तांब्याचा तपकिरी थर चढतो. प्रयोगशाळेत मी ते बराच वेळ बघत बसले होते, सर ओरडेपर्यंत. आता मला वाटू लागलं की तसंच काहीतरी माझ्या पोटात चाललंय. झोपताना डोळे मिटले की आत एक निळं तळं दिसायचं आणि त्याचा निळा रंग रोज थोडा उतरायचा. शरीरात असं होत नाही, तिथे आतड्यातच जस्त तांब्याची वाट अडवतं, हे मी नंतर नीट वाचलं. पण तेव्हा ते तळंच खरं वाटत होतं.

आणि तांब्या तर समोरच होता. कॉलेजला येताना आईने दिलेला, तांब्याचा, पोटाला एक पोचा पडलेला. रात्री पाणी भरून ठेव आणि सकाळी पी, असं तिने बजावलं होतं. मी कधी प्यायची, कधी विसरायची. आता एकदम सगळं जुळून आलं. सकाळी जस्ताची गोळी आणि वर आईच्या तांब्यातलं पाणी. एकाने काढलेलं दुसऱ्याने भरायचं. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी रूममेटलाही समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "तुझ्या पोटात प्रॅक्टिकल चाललंय. जर्नल कोण तपासणार?"

पण नुसतं पाणी पिताना काहीच कळायचं नाही. कपाटात घरून आणलेली कोकमाच्या आगळाची, मीठ घातलेल्या आंबट रसाची, बाटली होती. आंबट तेवढं कळतं, म्हणून एका संध्याकाळी मी तांब्यात पाणी भरलं आणि चांगलं अर्धी वाटी आगळ त्यात ओतलं. आंबट तांब्यात ठेवलं की कळकतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. घरी असते तर माझा हातच गेला नसता. पण त्या खोलीत तांब्या मला भांडं वाटतच नव्हता. तो औषधाची बाटली झाला होता.

सकाळी गोळी गिळली आणि पहिला घोट घेतला. जीभ आकसली. कडू, तुरट, काहीतरी हिरवट, नाणं तोंडात धरल्यासारखं. इतक्या दिवसांनी काहीतरी लागलं होतं! मी उभी राहून तांब्या रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी हसत होते.

"चव आली," मी म्हणाले.

रूममेट दात घासत होती. ती जवळ आली, तांब्यात डोकावली आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून म्हणाली, "तांब्या आतून कधी घासलास?"

मी पाहिलं. आतून काळसर असलेला तांब्या गुलाबी, लख्ख झाला होता. आमसुलाने देवाची भांडी घासल्यावर होतात तसा. मी तो घासला नव्हता. त्याच्या आतलं सगळं मी प्यायले होते.

उरलेली सकाळ मोरीपाशी ओकण्यात गेली. रूममेट माझी पाठ चोळत होती आणि शिव्या घालत होती. दुपारी तिनेच मला बाजारपेठेजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी पोट तपासलं, मग गोळ्यांची बाटली हातात घेऊन बघितली. मी सगळं सांगितलं, निळं तळं सोडून.

"तांबं कमी होतं हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते जास्त मात्रा बरेच महिने घेणाऱ्यांचं. तू घेऊन किती दिवस झाले? एवढ्यात काही होत नाही. आणि त्यावर उतारा म्हणून तांबं प्यायची काही गरज नव्हती. घरी काय खातेस?"

"नाचणी. कुळीथ. तीळ असतात, शेंगदाणे."

"मग जस्त आणि तांबं, दोन्ही मिळतंय पोटाला. तांब्यातलं साधं पाणी खुशाल पी. आंबट कधीच नाही."

"आणि गोळ्या?"

"तुझ्या अंगात जस्त कमी असेल तर उपयोग होईल. तसं दिसत तर नाही. घ्यायच्या असतील तर थोडेच दिवस, जेवणानंतर, आणि मला सांगून. नाही घेतल्यास तरी चालेल. तापानंतरची चव बहुतेकदा आपली आपण येते. वेळ लागतो."

"बहुतेकदा म्हणजे?"

त्या थोड्या हसल्या. "म्हणजे बहुतेकदा."

खोलीवर परतताना मी पुलावर बराच वेळ थांबले. घ्यावी की नाही, याचं उत्तर मला कुणी देणार नव्हतं. एक मात्र लक्षात आलं. गोळी घेतली की तोंडात दिवसभर तो पत्रा असायचा. उद्या आई उकडीचा गोळा पुढे करील आणि मला काहीतरी लागेल, तेव्हा ते मीठ आहे की गोळी, हे मला कसं कळणार? चव येणार असेल तर ती आली हे मला ओळखता यायला हवं होतं. मी गोळ्या बंद केल्या. हे शास्त्राला धरून होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

परीक्षा संपली. पोलादपूरहून एसटीने कुडपणला गेले तेव्हा चव आलेली नव्हती.

पापडांच्या सकाळी ओसरीवर बायका जमल्या होत्या. चुलीवरून टोप उतरवला होता, उकडीची वाफ सगळीकडे पसरली होती. आईने गोळा तेलाच्या हाताने मळून माझ्यापुढे धरला. सगळ्यांची लाटणी थांबली.

"बघ गो."

मी गोळा हातात घेतला. तोंडात टाकून "बरोबर हाय" म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी मान्य केलं असतं.

"आई, मला चव लागत नाही. ताप आल्यापासून."

मग शेजारच्या काकी म्हणाल्या, "कालेजात गेली आन् जीभ तिकडंच ठेवून आली!" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने गोळा माझ्या हातून घेऊन काकींना दिला. काकींनी चाखला, डोळे मिटले, माझ्यासारखंच थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "झकास. लाटा."

दुपारी आईने मला एकटीला गाठलं. "फोनवर रोज इचारत होते मी, काय हाय, कसं हाय. पाण्याचं सांगत होतीस, ह्ये नाय सांगितलंस."

"तू सड्यावर उभी असायचीस. तिथून घरी जाताना तुला काळजी लागली असती."

तिने उरलेल्या उकडीचा गोळा तेल लावून माझ्या ताटलीत ठेवला. "खा. चव नाय तर नाय, पोटात तर जाईल."

दुसऱ्या दिवशी पापड सड्याच्या कातळावर जुन्या लुगड्यांवर वाळत घातले होते. कावळे हाकलायला मी बसले होते. कातळ तापला होता, खालची दरी धुरकट निळी दिसत होती, आणि वारा लुगड्यांच्या कडा हळूहळू उचलून परत ठेवत होता. झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी मी एक अर्धवट वाळलेला पापड उचलला, लहानपणापासूनच्या सवयीने, आणि चावू लागले.

आधी खार आला, जिभेच्या टोकाला किंचित चुरचुर. मग नाचणीचा मातकट गोडवा. मी चावायची थांबले. आणि मग सगळ्याच्या मागून, दमून उशिरा पोचलेल्या माणसासारखं, मीठ.

मी दुसरा पापड खाल्ला. मग तिसरा. खात्री झाल्यावर उठून घराकडे धावले. आई गोठ्यात होती.

"आई, यंदा मीठ जास्त पडलंय!"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. हातातली पेंढी खाली ठेवली.

"आता सांगतेस!" ती म्हणाली, आणि मग तिथेच, गाईच्या पाठीवर हात ठेवून, हसू लागली. "वर्षभर खाऊ गो खारट. काय बिघडत नाय."