माशांच्या वासावर लिहिलेलं पत्रक

व्हिएतनामी हॉटेल चालवणाऱ्या सलीमाभाभींवर अन्याय झाला तो मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. अहिल्यानगरच्या बसस्टँडसमोर पत्रक वाटलं गेलं: 'व्हिएतनामी हॉटेलात सडके मासे! नागरिकहो, जागे व्हा!' अन्याय करणारी मी. पत्रक माझं, उद्गारचिन्हंही माझीच.

मी ग्राहकांच्या एका संघटनेत पूर्णवेळ काम करते. आमच्याकडे 'स्थळपाहणी'चा नियम आहे. म्हणजे छापण्याआधी जागेवर जायचं, समोरच्याला विचारायचं. मी गेले होते, पण दारापर्यंत. शेजाऱ्याची तक्रार होती वासाची. वास आला. तिथूनच फिरले आणि लिहायला बसले.

गुरुवारी आमच्या शिंदे सरांनी विचारलं, "तिथं काय खाल्लंस?"

"काहीच नाही. वासच इतका होता, सर."

"म्हणजे पत्रक नाकानं लिहिलंस? जा, जेवून ये."

भर जेवणाच्या वेळी गेले. सगळी टेबलं रिकामी. त्या दिवशी दारातून परतताना भाभींनी मला पाहिलं होतं; ओळखलंच.

"तुमीच का त्या पत्रकवाल्या? बसा. आधी खा, मग काय लिवायचं ते लिवा."

भाभी मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या काष्टीच्या. पुण्यात एका व्हिएतनामी बाईंच्या हाताखाली बरीच वर्षं स्वयंपाक केलेला. त्यांनी एक बाटलीच उघडून माझ्या नाकाखाली धरली. फिश सॉस. मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून निथळलेलं तांबूस पाणी. तोच वास!

"तुमच्या घरी सुकट भाजत्यात तवा अत्तराचा वास सुटतो व्हय?"

आमच्या घरी सुकट वरचेवर होते.

मग फो आला, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेला कोंबडीचा पातळ रस्सा. त्यात दालचिनी, चक्रीफूल. वर पुदिना आणि लिंबू. पहिल्या घोटालाच माझं पत्रक खोटं पडलं.

भाभींच्या नजरेला नजर देववेना, म्हणून छताकडे पाहिलं. हिरव्या भिंती, कागदी कंदील आणि दिव्यांवर बांबूच्या टोकदार टोप्या.

"या व्हिएतनामहून आणल्या?"

"कशाच्या! राजूरच्या बाजारातून. पावसात डोक्यावर घ्यायची इरली विणणाऱ्या मावशीला फोटो दावला. ती म्हनली, येवढंसं इरलं कुनाला, बाहुलीला?"

दोघी हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "गाळेवाला म्हनतोय, गिऱ्हाईक न्हाई तर महिनाअखेरीला गाळा सोडा."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी हितं नगं. जिथं वाटलं तिथंच वाटा."

पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता, त्याच जागी मी दुसरं पत्रक वाटलं. 'मी चुकले', खाली माझं नाव. गाळेवाल्याने आणखी एक महिना दिला. मला हाकलायचा पूर्ण हक्क असताना भाभींनी जेवू घातलं, हे उपकार मी विसरणार नाही. आणि स्थळपाहणी दारात संपत नाही, हेही.

टेबलं अजून निम्मी रिकामी आहेत. माझं पहिलं पत्रक तुमच्या घरात पडलं असेल, तर ते घेऊन या महिन्यातच भाभींकडे जा. फाडायला त्यांच्या हातात द्या. आणि जेवल्याशिवाय उठू नका.