बोरीच्या लोहारानं चढवलेलं कडं

१९४९ च्या नोव्हेंबरात आमची तुकडी परभणीला आली. माणसं अकरा, ट्रक चार. चारही तीन-टनी, महायुद्धातून उरलेले. त्यांतले तीन चालत होते. चौथ्याचं इंजिन तडकलेलं, म्हणून तो आमचं स्पेअर पार्टचं दुकान. मी फिटर, हुद्दा नाईक. जिंतूर, मानवत आणि पालमच्या चौक्यांना रेशन पोचवायचं, हे काम. सकाळी पाचला रेडिएटरचं पाणी, साडेपाचला टायर, पावणेसहाला पुढून हँडल फिरवून इंजिन सुरू.

तीन नंबरच्या ट्रकला हँडलशिवाय इलाज नव्हता. त्याच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकावर, जे दातेरी कडं असतं, त्याचे सतरा दात झिजले होते. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, दाबला की नुसती खरखर. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे मी रोज सांगत असे. त्या गाडीचा ड्रायव्हर लान्स नाईक किसन रोज "हो" म्हणत असे.

एका मंगळवारी मीही त्याच्याबरोबर होतो. सव्वासातला जिंतूरच्या वाटेवर बोरी गावात चहा घेऊन निघताना हँडल उलटं फिरलं. किसनचं उजवं मनगट मोडलं.

अकराला सुभेदारसाहेब दोन नंबरचा ट्रक घेऊन आले. माल त्यात चढवला, किसनला पुढे बसवलं.

साहेब म्हणाले, "शुक्रवारी नऊला इन्स्पेक्शन. मेजरसाहेब येतायत. सेल्फवर सुरू झाली नाही तर गाडी कंडेम, भंगारात."

"आणि किसन?"

"एक गाडी गेली की एक ड्रायव्हर जास्त. हात मोडलेलाच घरी जाणार."

किसन पालमचा. घरी आई, बायको, तीन बहिणी. पगार एकच. गाडीत तो माझ्याकडे न बघता बसला होता.

डेपोकडून नवं कडं यायला तीन आठवडे लागले असते. चौथ्या ट्रकच्या फ्लायव्हीललाही तडा होता, पण त्यावरचं कडं शाबूत होतं. ते उतरवून इथं चढवायचं, एवढाच मार्ग. अडचण अशी, की गार असताना ते चाकापेक्षा केसभर लहान असतं. तापवून फुगवलं तरच बसतं, आणि आमच्याकडे भट्टी नव्हती.

साहेब किसनला घेऊन गेले, मी गाडीपाशी बोरीतच थांबलो. समोर दगडू लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवत होता. लोखंडी पट्टा गोवऱ्यांच्या गोल आगीत लाल करायचा, लाकडी चाकावर टाकायचा, वर पाणी ओतायचं. पट्टा आवळून बसतो. मी दोन चाकं चढेपर्यंत उभा राहिलो. गाडी परभणीला ओढून नेता आली असती, पण लोहार बोरीत होता.

मी म्हणालो, "मिस्त्री, माझंही एक चाक हाय."

दगडूनं ट्रककडे बघितलं. "बैल कुटं हायत याचे?"

बुधवारी गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बाहेर काढलं. जुनं कडं छिन्नीनं तोडलं. त्या रात्री छावणीतून चौथ्या ट्रकचं कडं आलं. गुरुवारी बाराला दगडूनं चाळीस गोवऱ्या गोल रचल्या. पोलाद आधी पिवळसर, मग निळसर होतं. निळं दिसताच मी म्हणालो, "उचला."

"इतकं कच्चं? धाव तर लालबुंद करतो आमी."

"लाल केलं की दात मऊ पडतात."

"तुमची मिलिट्री लय नाजूक हाय बगा."

दोन सांडश्यांनी आम्ही कडं उचललं आणि टाकलं. चपखल बसलं. तेवढ्यात दगडूची बायको गिरजामाय भरली घागर घेऊन पुढं झाली. धाव बसली की पाणी टाकायचं, हा तिचा रोजचा रिवाज. तापल्या पोलादावर गार पाणी म्हणजे तडा, हे मी दगडूला सांगितलं होतं, तिला नाही. चूक माझी. ओरडायला वेळ नव्हता. मी मधे गेलो. घागर सगळी माझ्या पाठीवर.

"आगं माय! ह्ये कामून आडवं आलं?" ती म्हणाली.

दगडू हसत खाली बसला. "चाक राहिलं कोरडं अन् नाईकसाब आवळून बसला."

कड्यावर तीन थेंब उडाले होते. मी प्रत्येक दात हातानं तपासला. तडा नव्हता.

सगळं परत जोडून रात्री साडेनऊला सेल्फ दाबला. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. शुक्रवारी मेजरसाहेबांनी स्वतः तीनदा दाबून बघितला.

"कडं चढवायला काय वापरलं?"

"साहेब, चाळीस गोवऱ्या."

त्यांनी वहीत 'स्थानिक साधनं' असं लिहिलं. किसन सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, मग पुन्हा त्याच गाडीवर आला. दगडूनं मजुरी घेतली नाही. ट्रकमधून गावाभोवती एक फेरी मागितली. गिरजामाय पुढं बसली, दगडू मागं.

१९५८ मध्ये, डोंगराळ भागात, किसनचा ट्रक घसरला. मागं बसलेले पाच जवान उडी मारेपर्यंत त्यानं ब्रेक सोडला नाही. पाचही वाचले. तो गाडीबरोबर दरीत गेला. वय तेहेतीस.

मी तेव्हा दुसऱ्या तुकडीत हवालदार होतो. रजेत पेन्शनचे कागद घेऊन पालमला गेलो. नऊ महिन्यांपूर्वीच जायला हवं होतं. धीर झाला नव्हता. ते कडं बसलं नसतं तर किसन घरी असता, हे मी त्याच्या बायकोला, सखूबाईला, सांगितलं.

ती म्हणाली, "घरी बसून काय केलं असतं त्यांनी? नऊ वर्सं हसत नोकरी केली. तुमी तोंड पाडू नका, नाईकसाब. भाकरी थापायलेय, जेवून जा."

जेवलो. मग कागद भरले. पेन्शन तिच्या नावानं मंजूर झालं. पहिली रक्कम हाती पडल्यावर तिनं कुणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून घेतलं: पैसे पोचले. परभणीला जाऊन त्यांचा गाडीपाशी उभं राहून काढलेला फोटो मोठा करून आणला.