ताणावरचं झाड

तर्कशास्त्रात एम.ए. करत होते त्या वर्षी मी स्वतःला फार शहाणी समजत असे. नागपूरच्या महाल भागातल्या खोलीवरून सुट्टीत काटोलला मामाकडे गेले, की त्याच्या बोलण्यातलं प्रत्येक 'बहुतेक' मला टोचायचं.

संत्र्याला बहार धरावा म्हणून मामा झाडांचं पाणी काही आठवडे तोडायचा. त्याला ताण देणं म्हणतात. तसा ताण चालू असताना एका झाडाची पानं इतरांहून जास्त मलूल झाली आणि बुंध्यावर डिंक आला. शेजारची बाग आदल्याच वर्षी डिंक्या रोगानं साफ झाली होती. मामाची झोप उडाली.

"तू शिकली वं बाई, तूच सांग. काय करू?"

मी बांधावर उभ्या उभ्या निकाल दिला. डिंक येऊन पानं मलूल झाली, तर मुळं सडलेली असतात. मुळं सडलेलं झाड सगळ्या बागेला रोग लावतं. म्हणून हे झाड तोडायलाच हवं.

"पण पानं तं ताणानंबी मलूल होतात. अन् वखराचा मार बुंध्याले लागला तरी डिंक येते. तसंच असन बहुतेक."

"बहुतेक नाही चालत, मामा. एक तर खरं, नाही तर खोटं."

मामानं कुऱ्हाड उचलली. झाड पडल्यावर मुळं उपसली. एकही सडलेलं नव्हतं. मला रडूच फुटलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुह्या शास्त्रात बहुतेकले जागा काहून नाही वं?" एवढंच तो म्हणाला.

नागपूरला परतल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माझा युक्तिवाद चोख होता, पण त्यातले नियम नेहमी खरे नव्हते. पहिला दहापैकी आठदा खरा धरला आणि दुसराही तेवढाच, तर दोन्ही मिळून साडेसहाच्या आतच उरतात. झाड ताणावर आहे हे लक्षात घेतलं की त्याहूनही कमी. मामा हे सगळं एका शब्दात सांगत होता. आणि कुऱ्हाडीआधी हातभर माती उकरून मूळ पाहायला कोणी अडवलं होतं?

बाकीची बाग त्या साली छान बहरली. पुढे दर सुट्टीत मी विचारायचे, त्या झाडाच्या जागी नवीन रोप कधी लावणार?

"पुढच्या साली, बहुतेक," मामा म्हणायचा.

त्या बहुतेकची किंमत दहापैकी शून्य आहे, हे तोवर मला कळायला लागलं होतं. मामा गेला तेव्हाही ती जागा रिकामीच होती.