मामाला लागलेली भूल

तेव्हा मी मोखाड्याला मास्तर होतो आणि इस्त्रीचा शर्ट अंगावर चढला की आमचं साखरशेत मला जरा लांबचंच गाव वाटायचं. धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन जव्हारला ठरलं. त्याची मूठ एकदा मिटली की लवकर उघडत नसे, कापणीत विळा खाली ठेवायलाही वेळ लागे. आम्ही त्याला कंजूस म्हणून चिडवायचो. आईच्या भावाचं, म्हणजे मामाचंही तसंच होतं. हा आजार असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?"

आई लगेच म्हणाली, "याचे मामाला भूल लागली व्हती. दोन दिस उठला नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रानात माणसाला वाट चुकवणारं भूत, त्यालाही आमच्याकडे भूलच म्हणतात. आई तेच उगाळतेय असं मी धरून चाललो. "अडाणी आहे हो, भुताखेताचं बोलतेय," मी हसत म्हणालो. आई पुढे सांगू लागली, तर डोळे वटारून तिला गप्प केलं. डॉक्टरही हसले, आणि खोटं कशाला बोलू, ते माझ्याबरोबर हसले याचं मला बरं वाटलं.

भावाला तोंडावर मास्क लावून औषधाच्या वासानं झोपवलं. ऑपरेशन झालं, पण भूल उतरेना. श्वास जेमतेम चालत होता. डॉक्टर हातानं फुगा दाबून त्याला श्वास देत राहिले, आणि तसंच त्याला गाडीत घालून नाशिकला नेलं. वाटेत मी आईला पहिल्यांदा नीट विचारलं. मामाचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात असाच वास दिला होता, त्यानंतर तो दोन दिवस उठला नव्हता. भुताचा काही संबंधच नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाऊ आपला आपण श्वास घेऊ लागला. तिथले डॉक्टर मामाचं ऐकून म्हणाले, मूठ लवकर न उघडणं हेही त्याचंच लक्षण; हा स्नायूंचा आणि मज्जासंस्थेचा आजार, पिढ्यानपिढ्या येणारा. अशांना वासाची भूल फार जपून द्यावी लागते. "आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

माझ्यामुळे भाऊ मरणाच्या दारात गेला होता आणि ते कबूल करायची माझी छाती झाली नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "माहेरी आणखी कुणाला असं आहे का?"

आईनं तोंड उघडलं, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगू का?" तिनं मला विचारलं.