मुंजाबाची दोन-चार मेंढरं

…तर महापालिकेचा तो माणूस कागद-पेन काढून उभा, आणि मुंजाबा आपला काठीवर हनुवटी टेकून आभाळ बघतोय. काल गोष्ट इथंच अडली होती.

"बाबा, मेंढरं किती?"

"हायती."

"हायती ते कळलं. किती?"

"हायती दोन-चार. देवाची किरपा."

माणसानं जाळीच्या वाड्यात डोकावून पाहिलं. कळप एका पोराबरोबर चरायला गेलेला. आत एक लंगडी मेंढी, तिची कोकरं आणि मुंजाबाचं कुत्रं. त्यानं कुत्रं सोडून बाकीचं लिहून घेतलं आणि सायकलवर टांग टाकली.

आता हा मुंजाबा कोण, ते काल नव्हते त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. मूळचा पाचोडकडचा धनगर. शाळेत गेला तो एकदाच, वर्गात शिरलेलं करडू हाकलायला. दर उन्हाळ्यात कळप घेऊन गारखेड्याला यायचा आणि तात्यासाहेबांच्या रानात मेंढरं बसवायचा. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत होतं. त्याच्या बदल्यात तात्यासाहेब ज्वारी द्यायचे, आणि विहिरीवरचा दगडी हौद कळपाला मोकळा. दोघांच्या बापांपासून चालत आलेलं हे देणंघेणं. पुढं बायकोचे, बानाबाईचे, गुडघे धरले, तेव्हापासून नवरा-बायको गारखेड्यालाच टेकली.

मग पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला कारखान्यांची रांग लागली. चिकलठाण्याकडं भोंगे होतेच, आता वाळूजकडंही वाजायला लागले. कामगारांना घरं पाहिजेत म्हणून पुंडलिकनगरापासून गारखेड्यापर्यंत प्लॉट पडले. तात्यासाहेबांनी रान विकलं. विहीर बुजली, हौद फुटला, पोरगा कंपनीत लागला आणि तात्यासाहेब स्वतः पांढरी टोपी घालून पक्षात लागले. मुंजाबाला चरायला माळ राहिला, पण पाण्याचे वांधे झाले. कोपऱ्यावर नळ होता, तिथं हंड्यांची रांग. मेंढरू दिसलं की बायका चपला हातात घ्यायच्या.

"औंदा पाण्याचं नाय जमलं तर पाचोडच्या बाजारात कळप उभा करावा लागंल," मुंजाबा म्हणाला.

"आन् मग सकाळी उठून कुणाच्या मागं जाणार?" बानाबाई म्हणाली. "माझ्या मागं यायचं नाय, आधीच सांगते."

बोलून थांबणारी ती बाई नव्हे. सरळ तात्यासाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसली. "तात्यासायब, तुमची ईर बुजली, आमच्या मेंढरांची तहान नाय बुजली."

तात्यासाहेबांना ते लागलं. त्यांनी आमदाराला गाठलं, आणि आमदारानं विधानसभेत प्रश्न टाकला. गारखेड्यात जनावरांसाठी पाण्याचा हौद का नाही, ते मंत्र्यांनी सांगावं. मंत्र्यांना काय ठाऊक गारखेडं? त्यांनी खात्याला विचारलं, खात्यानं महापालिकेला, आणि महापालिकेनं सायकलवाल्याला धाडलं. आला का ध्यानात तो कागद-पेनवाला?

ते दिवस मोठे तापलेले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं मार खात होती, तुरुंगात जात होती, आणि दुसरी माणसं विरोधात बंद पुकारत होती. मुंजाबाचा कळप एकदा अशाच मोर्च्यात सापडला. पुढं पोलीस, मागं घोषणा. एका शिपायानं दांडकं रोखून विचारलं, "तू कोणत्या बाजूचा रे?"

"मेंढरांच्या मागच्या बाजूचा," मुंजाबा म्हणाला.

मोर्च्यातली माणसं हसली, त्यांनी मधून वाट करून दिली, आणि चंपाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं आपल्या कळशीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. मुंजाबा ते पाणी कधी विसरला नाही.

ज्या दिवशी त्याचा प्रश्न निघायचा, नेमकं त्याच दिवशी सभागृहात नामांतरावरून गदारोळ झाला. प्रश्नांचा तास वाहून गेला. मंत्र्यांचं उत्तर बोलून झालंच नाही, छापून आलं. तात्यासाहेबांनी तो कागद मेंढरांच्या वाड्यापुढं उभं राहून वाचला:

"गारखेडा येथे जनावरांसाठी पाण्याचा हौद नाही, हे खरे आहे काय? होय. त्यामुळे मेंढपाळांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? नाही. सदर ठिकाणी दोन ते चार मेंढ्या आढळून आल्या. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही."

"म्हंजी?" बानाबाईनं विचारलं.

"म्हंजी सरकार म्हणतंय, तुम्हाला तहानच लागत नाय." तात्यासाहेब मुंजाबाकडं वळले. "अरे शहाण्या, एवढा कळप, आन् दोन-चार सांगितलास?"

मुंजाबानं काठी दुसऱ्या हातात घेतली. त्याला काय सांगता येत नव्हतं असं नाही. पण धनगराच्या घरात मेंढरांचा आकडा तोंडातून काढत नाहीत. मुंजाबाच्या सांडू नावाच्या मेव्हण्यानं एका लग्नात फुशारकीनं आपला आकडा सांगितला होता. त्याच पावसाळ्यात रोग पडला आणि निम्मा कळप गेला. तेव्हापासून सांडू कारखान्याच्या गेटवर पहारा करतो. मुंजाबाला कुणी विचारलं तर दोन-चार. कळप वाढला तरी दोन-चारच.

"आकडा सांगितला तर मेंढरं जातेत, नाय सांगितला तर पानी जातं," तो म्हणाला. "करू काय?"

"सांगू नगा ना!" बानाबाई कडाडली. "दाखवाया कुणी नाय म्हटलंय?"

तिला कुठून तरी कळलं होतं, तेच मंत्री पुंडलिकनगरात पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन करायला येणार. त्या दिवशी मुंजाबानं कळप उन्हात थोडा जास्त फिरवला आणि बरोबर टाकीच्या रस्त्याला लावला. गाड्यांची रांग आली. मेंढरांनी ओल्या सिमेंटचा वास घेतला आणि सगळा रस्ता लोकरीचा झाला. हॉर्न वाजले. मेंढरांनी त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं. शेवटी मंत्री खाली उतरले. अंगानं भारी, पण हसरा माणूस.

तात्यासाहेब हार घेऊन पुढंच होते. टोपी सावरत म्हणाले, "साहेब, आपल्या उत्तरातली ती दोन-चार मेंढरं. हीच ती."

मंत्र्यांनी एकदा रस्त्याच्या त्या टोकाला पाहिलं, एकदा ह्या टोकाला. एक मेंढी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती. ते महापालिकेच्या साहेबांकडं वळले. साहेब सायकलवाल्याकडं वळले. सायकलवाला टाकीकडं बघत राहिला.

"बाबा," मंत्री मुंजाबाला म्हणाले, "माझं उत्तर चुकलं म्हणायचं. पण कागदावर चुकलेलं कागदावरच सुधारावं लागतं. ह्या सगळ्यांसमोर नेमका आकडा सांग, हौद आज मंजूर करतो. किती आहेत?"

तात्यासाहेब डोळ्यांनी खुणावत होते, सांग बाबा, सांग एकदाचं. बानाबाई पदर तोंडात धरून नवऱ्याकडं बघत होती. मुंजाबानं कळपाकडं पाहिलं. त्याला सांडूचा रिकामा वाडा आठवला. पाचोडचा बाजारही आठवला. दोन्हीकडून त्याचा कळप जातच होता.

त्या नव्या टाकीचं पहिलं पाणी कुणी प्यालं, ते पुंडलिकनगरात जुनी माणसं अजून सांगतात. हौदही झाला, पुढच्या महिन्यात. पण हे सगळं ज्या उत्तरावर झालं, ते मुंजाबाच्याच तोंडचं ऐकावं. त्यानं मुंडासं सारखं केलं, हात जोडले आणि म्हणाला:

"सायेब, आकडा आमच्या तोंडून निघत नाय, मेंढरांला लागतो. तुम्ही मोजा, तुमच्या तोंडचा लागत नाय, म्या आडवा येनार नाय. पर आधी पानी पाजा. तहानलेलं मेंढरू एका जागी उभं ऱ्हात नाय, मंग तुम्ही मोजनार कसं?"